वाचकांचे प्रश्न : सायबर सुरक्षेची पदवी

सायबर सुरक्षेच्या पदवी अभ्यासक्रमाबद्दल आलेल्या पत्रांपैकी सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. ज्या प्रश्नांना दोन ओळी पुरतात तिथे दोनच ओळी आहेत.

प्रश्न : सायबर सुरक्षेची स्वतंत्र पदवी घ्यावी की संगणकशास्त्राची पदवी घेऊन सुरक्षा हा ऐच्छिक विषय ठेवावा? दोन्हीकडे प्रवेश मिळतो आहे.

उत्तर : पदवीच्या नावावर जाऊ नका. दोन्हींचे सत्रनिहाय अभ्यासक्रम मागवून घ्या, शेजारी शेजारी ठेवा आणि त्यात पाच विषय शोधा : ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्किंग, डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस आणि सीसारख्या भाषेतलं प्रोग्रॅमिंग. हे पाचही पहिल्या चार सत्रांत येत असतील, तर स्वतंत्र पदवी बेलाशक घ्या. दुसऱ्याच सत्रात ‘एथिकल हॅकिंग’ आहे आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा पत्ता नाही, असं दिसलं तर मात्र सावध व्हा. पायाआधी कळस बांधायचा तो प्रकार आहे. प्रोसेस म्हणजे काय, फाइलची परवानगी कोण तपासतं, मेमरी कशी वाटली जाते हे ठाऊक नसलेला विद्यार्थी हॅकिंगच्या तासाला फक्त कमांड उतरवून घेतो.

आणखी एक खूण सांगतो. अभ्यासक्रमातल्या प्रकरणांची नावं वाचा. ती साधनांच्या नावांनीच भरली असतील, तर चार वर्षांत त्यातलं निम्मं बदललेलं असेल. ‘प्रवेश नियंत्रण’, ‘ओळख पडताळणी’, ‘प्रोटोकॉलचं विश्लेषण’ अशी नावं असतील तर ते ज्ञान टिकतं. तुलनेसाठी मोजपट्टी हवी असेल तर एसीएम, आयईईई आणि इतर संस्थांनी मिळून २०१७ मध्ये केलेला सीएसईसी २०१७ हा आराखडा बघा. त्यात या शाखेची आठ ज्ञानक्षेत्रं दिली आहेत : डेटा, सॉफ्टवेअर, घटक, जोडण्या, प्रणाली, माणूस, संस्था आणि समाज. शेवटची तीन विद्यार्थ्यांना कंटाळवाणी वाटतात, पण फसवा ईमेल माणूसच उघडतो.

प्रयोगशाळेचे आठवड्याला किती तास आहेत तेही विचारा. चारपेक्षा कमी असतील तर उरलेले घरी भरून काढायची तयारी ठेवा.

प्रश्न : गणित कच्चं आहे. निभाव लागेल का?

उत्तर : कॅल्क्युलस कच्चं असेल तर बहुतेक ठिकाणी निभावतं. डिस्क्रीट गणित कच्चं असेल तर नाही : तर्क, संच, मोजणी, संभाव्यता आणि बाकीचं अंकगणित. शेवटचं म्हणजे अगदी शाळेतली भागाकाराची बाकी. तेवढ्यावर आरएसए, म्हणजे एका उघड आणि एका खासगी किल्लीने संदेश झाकायची-उलगडायची पद्धत, उभं आहे, आणि ते कागदावर एकदा तरी सोडवून बघाच.

दोन मूळ संख्या घ्या, ५ आणि ११. गुणाकार ५५. दोन्हींतून एकेक वजा करून गुणाकार करा : ४ गुणिले १०, म्हणजे ४०. सार्वजनिक घातांक ३ घेऊ. ३ आणि ४० यांचा मसावि १ आहे, म्हणून तो चालतो. ५ घेतला असता तर चालला नसता. आता खासगी घातांक. अशी संख्या हवी, जिला ३ ने गुणून ४० ने भागलं की बाकी १ उरेल. ४० मधून तीन तेरा वेळा गेले की १ उरतो, म्हणून उत्तर उणे १३. त्यात ४० मिळवले की २७. ताळा करा : ३ गुणिले २७ म्हणजे ८१, ४० ने भागून बाकी १.

संदेश समजा २ आहे. २ चा घन ८, ५५ ने भागून बाकी ८च, तो पाठवला. उलगडताना ८ चा २७ वा घात काढून ५५ ने भागायचं आणि बाकी घ्यायची. सरळ काढायला गेलात तर २५ अंकी संख्या येते आणि साधा कॅल्क्युलेटर हात टेकतो. म्हणून वर्ग करत जायचं आणि दर वेळी फक्त बाकी ठेवायची. ८ चा वर्ग ६४, बाकी ९. चौथा घात : ८१, बाकी २६. आठवा : ६७६, बाकी १६. सोळावा : २५६, बाकी ३६. २७ म्हणजे १६ अधिक ८ अधिक २ अधिक १, म्हणून ३६, १६, ९ आणि ८ यांचा गुणाकार करायचा. ३६ गुणिले १६ ची बाकी २६, त्याला ९ ने गुणून बाकी १४, त्याला ८ ने गुणून ११२, बाकी २. संदेश परत आला.

आता जरा थांबून त्या ८ कडे बघा. तो ५५ पेक्षा लहान आहे, म्हणजे भागाकार झालाच नाही. मधल्यामध्ये संदेश पकडणाऱ्याने नुसतं घनमूळ काढलं तरी खासगी किल्लीशिवाय त्याला २ मिळाला. प्रत्यक्षात ५५ च्या जागी २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकी संख्या असते. पण संदेश लहान आणि घातांक ३ असेल तर ही खोट तिथेही तशीच राहते. म्हणून संदेशाला आधी यादृच्छिक भर घालतात, तिला पॅडिंग म्हणतात. परीक्षेत ‘पॅडिंग का?’ असं विचारलं की बहुतेक जण ‘सुरक्षेसाठी’ असं लिहून मोकळे होतात. तुम्ही हे उदाहरण लिहा.

प्रश्न : लॅपटॉप कोणता घ्यावा? आणि व्हर्च्युअल बॉक्समध्ये (संगणकातच दुसरे संगणक चालवणारा प्रोग्रॅम) हल्ल्याच्या सरावाची काली लिनक्स व मुद्दाम कमकुवत ठेवलेलं मेटास्प्लॉइटेबल अशी दोन मशीन टाकली आहेत, पण एकमेकांना दिसत नाहीत.

उत्तर : रॅम १६ जीबी, एसएसडी ५१२ जीबी, बाकी फारसं बघू नका. ग्राफिक्स कार्डवर पैसे घालवायची गरज पदवीपुरती नाही. ८ जीबीत भागतं, पण एका वेळी दोनच हलकी मशीन चालवा : कालीला २ जीबी, मेटास्प्लॉइटेबल २ ला ५१२ एमबी पुरे. विंडोजचं मशीन उघडायचं तर त्याला एकट्याला ४ जीबी द्यावे लागतात. एआरएम चिपचा लॅपटॉप मात्र विचार करून घ्या. अभ्यासासाठी मिळणारी जुनी कमकुवत मशीन, मेटास्प्लॉइटेबल २ धरून, इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठी बनलेली आहेत. एआरएमवर ती पूर्ण अनुकरणाने चालवावी लागतात आणि रांगतात.

आता दुसरा प्रश्न. दोन्ही मशीनचा आयपी पत्ता बघा. दोन्हीकडे १०.०.२.१५ दिसत असेल, तर दोन्ही नॅटवर आहेत. व्हर्च्युअल बॉक्सचा साधा नॅट प्रत्येक मशीनला स्वतःचं वेगळं बंद जाळं देतो, म्हणून पत्ता तोच आणि भेट कधीच नाही. दोन्ही मशीन बंद करा, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘होस्ट-ओन्ली’ (फक्त तुमचा लॅपटॉप आणि त्यातली मशीन यांचं जाळं) निवडा, पुन्हा सुरू करा. आता पत्ते बहुधा १९२.१६८.५६ ने सुरू होतील आणि शेवटचे आकडे वेगळे असतील.

कालीला इंटरनेटही हवं असेल तर तिला दोन अडॅप्टर द्या : पहिला नॅट, दुसरा होस्ट-ओन्ली. मेटास्प्लॉइटेबलला फक्त होस्ट-ओन्ली. ‘ब्रिज्ड’ निवडलं की चटकन जमतं म्हणून बरेच जण तेच करतात, आणि ते चूक आहे. ब्रिज्डमध्ये ते मशीन तुमच्या वायफायवरचं आणखी एक उपकरण बनतं. ज्याचं युजरनेम आणि पासवर्ड एकच आहे आणि जगजाहीर आहे, असं दार वसतिगृहाच्या सगळ्या जाळ्यासमोर उघडून ठेवू नका.

तपासायला पिंग करा, पण समोर विंडोज असेल तर पिंगच्या अपयशावरून निष्कर्ष काढू नका. विंडोजची फायरवॉल अनेकदा पिंगला उत्तरच देत नाही. व्हर्च्युअल बॉक्समध्ये ६४ बिटांचा पर्यायच दिसत नसेल तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे, ते चालू करा. आणि मशीन चालतं पण कमालीचं संथ आहे, खालच्या पट्टीत उजवीकडे हिरवं कासव दिसतं आहे, असं असेल तर विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल यंत्रणा, हायपर-व्ही, आडवी आली आहे. ते कासव सजावटीचं नाही.

प्रत्येक प्रयोगाआधी स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घ्या आणि प्रयोग संपल्यावर जुने काढून टाका. सत्राच्या शेवटी डिस्क भरली अशी तक्रार येते, तिचं कारण जवळजवळ नेहमी हेच.

प्रश्न : एनमॅपमध्ये काही पोर्ट ‘क्लोज्ड’ आणि काही ‘फिल्टर्ड’ येतात. फरक काय? शिवाय एकदा सगळे पोर्ट बंद दिसले, पण वेबसाइट तर चालू होती.

उत्तर : एनमॅप म्हणजे यंत्राचे कोणते पोर्ट, म्हणजे सेवांची दारं, उघडे आहेत ते तपासणारं साधन. त्याच्या शेजारी जाळ्यावरची पाकिटं दाखवणारं वायरशार्क उघडून ठेवा, म्हणजे हा प्रश्न पुन्हा पडणार नाही. काली समोरच्या पोर्टला सिन पाकीट, म्हणजे जोडणीची विनंती, पाठवते. उत्तरात सिन-अ‍ॅक आलं तर पोर्ट उघडं. आरएसटी आलं तर बंद. म्हणजे यंत्र जागं आहे, तिथे ऐकणारं कोणी नाही एवढंच. काहीच आलं नाही, किंवा आयसीएमपीचा ‘पोहोचता येत नाही’ असा निरोप आला, तर फिल्टर्ड. वाटेत फायरवॉलने पाकीट गिळलं. दारावर टकटक केल्यावर आतून ‘कोणी नाही’ असा आवाज येणं आणि शांतता असणं, यात जो फरक तोच. म्हणूनच फिल्टर्ड पोर्ट जास्त असले की स्कॅन रेंगाळतं : एनमॅप उत्तराची वाट बघतो, मग पाकीट हरवलं असेल म्हणून पुन्हा पाठवतो.

वेबसाइटचं कोडं बहुधा असं. एनमॅप आपणहून ६५,५३५ टीसीपी पोर्टपैकी फक्त नेहमीच्या वापरातले १००० तपासतो. साइट त्या हजारात नसलेल्या एखाद्या पोर्टवर असेल तर ती दिसणारच नाही. सगळे पोर्ट तपासायचा पर्याय द्यावा लागतो. अहवालात ‘सर्व पोर्ट बंद’ लिहू नका. ‘तपासलेले १००० पोर्ट बंद’ लिहा. हा शब्दांचा कीस नाही, पुढे नोकरीत अहवाल याच वाक्यावर परत येतात.

आणखी एक खाच : रूटच्या अधिकाराने चालवलं तर एनमॅप अर्धवट जोडणीचं सिन स्कॅन करतो, साध्या वापरकर्त्याने चालवलं तर पूर्ण जोडणी करतो. त्यामुळे दोन मित्रांच्या वायरशार्कमधल्या नोंदी जुळत नाहीत आणि दोघंही बरोबर असतात.

प्रश्न : सराव म्हणून कॉलेजच्या वेबसाइटवर स्कॅन केलं तर चालेल का? काही बिघडवणार नाही.

उत्तर : नाही. लेखी परवानगी हवी, आणि तिच्यात कोणते पत्ते, कोणत्या तारखा, कोणत्या प्रकारच्या चाचण्या आणि अडचण आल्यास कोणाला कळवायचं, हे लिहिलेलं हवं. ‘सरांनी तोंडी सांगितलं होतं’ हे परवानगीत बसत नाही. साइटचा सर्व्हर बहुधा कॉलेजचा नसतोच, भाड्याचा असतो. सरांना ती परवानगी देण्याचा अधिकारही नसेल. न शोधता सहज एखादी त्रुटी दिसली, तर तिथेच थांबा, आणखी एक पानसुद्धा उघडून बघू नका, आणि काय दिसलं ते कळवा. सरावासाठी डीव्हीडब्ल्यूए आणि ओवास्पचं ज्यूस शॉप आहे. दोन्ही मुद्दाम कमकुवत बनवलेली, फुकट, आणि तुमच्याच लॅपटॉपवर चालणारी.

प्रश्न : पायथॉन येत असताना सी कशाला शिकायची? आणि बफर ओव्हरफ्लोचं पुस्तकातलं उदाहरण माझ्याकडे चालत का नाही?

उत्तर : पायथॉन तुमचं रोजचं हत्यार राहील. पण मेमरीची चूक कशी होते ते पायथॉन तुम्हाला दाखवतच नाही, कारण ती चूक तो तुम्हाला करू देत नाही. २ नोव्हेंबर १९८८ ला सुटलेल्या मॉरिस वर्मने, म्हणजे यंत्रायंत्रांत आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने, घुसण्यासाठी वापरलेल्या वाटांपैकी एक सीच्या ‘गेट्स’ या फंक्शनमधून गेली. समोरच्या फिंगर सेवेने ५१२ बाइटची जागा ठेवली होती, वर्मने ५३६ बाइट पाठवले. ‘गेट्स’ लांबी विचारतच नाही. वरचे २४ बाइट शेजारच्या मेमरीत सांडले आणि फंक्शनने परत कुठे जायचं तो पत्ताच बदलला. पुढे २०११ च्या मानकात ‘गेट्स’ सीमधून काढूनच टाकलं. २०१४ चा हार्टब्लीड हा ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतला दोष याचाच चुलतभाऊ : तिथे लिहिताना नाही, वाचताना लांबी तपासली नव्हती, आणि दर विनंतीमागे सर्व्हरच्या मेमरीतले ६४ केबीपर्यंत बाहेर येत होते.

पुस्तकातलं उदाहरण तुमच्याकडे चालत नाही, कारण आज त्याच्या वाटेत तीन पहारेकरी उभे आहेत. ‘स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड’ असा संदेश येऊन प्रोग्रॅम थांबत असेल, तर कंपायलरने परतीच्या पत्त्याआधी ठेवलेली खुणेची किंमत, म्हणजे कॅनरी, मोडली आहे. दर वेळी पत्ते बदलताना दिसत असतील तर ते एएसएलआर, म्हणजे मेमरीतल्या जागा मुद्दाम फिरवत ठेवणारी व्यवस्था. पत्ता बरोबर आहे, उडीही बरोबर पडते आणि तरी सेगमेंटेशन फॉल्ट येतो, तर स्टॅकवरचा कोड चालवायला मनाई आहे. सरावाच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये तिन्ही बंद करा आणि मग एकेक चालू करत काय मोडतं ते टिपून ठेवा. खरा अभ्यास त्या टिपणात आहे.

तिन्ही बंद करूनही अडलात तर पुस्तक ३२ बिटांचं आणि मशीन ६४ बिटांचं आहे का ते पाहा. ६४ बिटांच्या पत्त्यात वरच्या बाजूला शून्य बाइट असतात, आणि मजकूर उतरवणारी ‘स्ट्रकॉपी’ शून्य दिसताच थांबते. एकामागून एक दोन पत्ते ठेवायला गेलात की दुसरा पोहोचतच नाही.

प्रश्न : प्रकल्पात पासवर्ड एसएचए-२५६ ने हॅश करून साठवले. परीक्षकांनी गुण कापले. एसएचए-२५६ अजून तुटलेलं नाही ना?

उत्तर : तुटलेलं नाही. हॅश म्हणजे पासवर्डवरून काढलेला, उलट न फिरवता येणारा ठसा. एसएचए-२५६ तो वेगाने काढतं, आणि इथे तोच दोष. आठ लहान इंग्रजी अक्षरांचे पासवर्ड एकूण सुमारे २०,८८३ कोटी होतात. हल्लेखोराचं यंत्र सेकंदाला १००० कोटी हॅश काढत असेल, तर २१ सेकंदांत सगळे संपले. आर्गॉन२ किंवा बीक्रिप्ट या हॅशच्या पद्धती मुद्दाम संथ असतात. एका हॅशला दशांश सेकंद लागेल असं बसवलं, तर त्याच यादीला एका यंत्रावर साडेसहाशे वर्षांहून जास्त लागतात. तुमच्या वापरकर्त्याला तो दशांश सेकंद जाणवतही नाही. आर्गॉन२ हे २०१५ च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेतलं विजेतं. नवीन प्रकल्पात तेच घ्या. सॉल्ट, म्हणजे हॅश काढण्याआधी पासवर्डला जोडायची यादृच्छिक भर, प्रत्येक पासवर्डला वेगळं हवं. कोडमध्ये एकच सॉल्ट लिहून ठेवलं असेल तर कापलेले गुण मागू नका.

बीक्रिप्टच घेतलंत तर एक लक्षात ठेवा, मराठी वाचकांच्या कामाचं आहे. ते पहिले ७२ बाइटच विचारात घेतं आणि बऱ्याच लायब्रऱ्या पुढचं गुपचूप सोडून देतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. म्हणजे २४ चिन्हं झाली की खेळ संपला. ‘सुरक्षितता’ या एका शब्दात दहा आहेत.

प्रश्न : मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. हॅकिंगच्या स्पर्धांत तिला रस नाही, त्यामुळे तिला वाटतं की आपण चुकीच्या शाखेत आलो. या क्षेत्रात दुसरं काम असतं का?

उत्तर : बहुतांश काम दुसरंच असतं, हे तिला नक्की सांगा. पदवीनंतरची सर्वांत नेहमीची पहिली नोकरी सुरक्षा निगराणी केंद्रात, म्हणजे सॉकमध्ये, पहिल्या पातळीवरच्या विश्लेषकाची. तिथे लॉग वाचायचे असतात, आणि ज्याला शांतपणे वाचता येतं त्याचं तिथे सोनं होतं.

कामाची चव बघायची तर ही एक नोंद घ्या. विंडोजमध्ये फसलेल्या लॉगिनची नोंद ४६२५ या क्रमांकाने होते, जमलेल्याची ४६२४ ने. पहाटे ३ वाजता एकाच खात्यावर ४० वेळा ४६२५, मग एकदा ४६२४. बघताक्षणी वाटतं, पासवर्ड फुटला. पण लॉगिनचा प्रकार बघा. प्रकार ५ असेल तर ती विंडोजवर चालणारी सेवा आहे, कदाचित कोणी सेवाखात्याचा पासवर्ड बदलला, सेवेत भरायला विसरला आणि नंतर दुरुस्त केला. प्रकार १० असेल तर दुरून कोणीतरी डेस्कटॉप उघडला आहे, आणि मग फोन उचलायचा. आता दुसरं चित्र : ४० वेगवेगळ्या खात्यांवर एकेकदाच ४६२५, सगळे एकाच पत्त्यावरून. एकही खातं बंद पडत नाही, कारण कुलूप लावणारी मोजणी खात्यागणिक असते. हल्लेखोर एकच सोपा पासवर्ड सगळ्यांवर लावून बघतो आहे. पहिल्या चित्रात गोंगाट जास्त आहे, दुसरं जास्त गंभीर.

आणि ते पहाटेचे ३ कोणत्या घड्याळाचे? एका सर्व्हरचे लॉग यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, दुसऱ्याचे स्थानिक वेळेत असले, की घटनांचा क्रमच उलटा दिसतो. तपासाच्या पहिल्या तासातली बरीचशी चुकीची अनुमानं इथून येतात.

याखेरीज डिजिटल न्यायवैद्यक आहे, धोरण आणि लेखापरीक्षण आहे, सुरक्षित सॉफ्टवेअर लिहिणं आहे. सॉकमध्ये रात्रपाळ्या असतात, ते आधीच धरून चाला.

प्रश्न : न्यायवैद्यकाच्या प्रात्यक्षिकात संशयित संगणक चालू होता. मी तो आधी बंद केला आणि मग डिस्कची प्रत घेतली. नापास का?

उत्तर : रॅम गेली म्हणून. चालू प्रोसेस, उघड्या जोडण्या आणि एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कची किल्ली रॅममध्ये असते, आणि वीज गेली की ती परत मिळत नाही. जे आधी विरतं ते आधी गोळा करायचं, हा क्रम २००२ च्या आरएफसी ३२२७ मध्ये दिला आहे. नंतर डिस्क, राइट-ब्लॉकर (डिस्कवर काही लिहू न देणारं उपकरण) लावून, प्रत घेण्याआधी आणि नंतर हॅश काढून. दोन हॅश जुळले नाहीत तर आधी डिस्कवर खराब सेक्टर आहेत का ते बघा, आणि जे निघेल ते अहवालात लिहा. लपवू नका.

प्रश्न : पदवी चालू असताना कोणती प्रमाणपत्रं घ्यावीत?

उत्तर : एक पुरे. कॉम्पटियाचं सिक्युरिटी प्लस हे पायाभूत प्रमाणपत्र तिसऱ्या वर्षाच्या आसपास जमतं : ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, १०० ते ९०० च्या मापावर ७५० ला उत्तीर्ण, आणि तीन वर्षांनी नूतनीकरण. आकृत्या आणि लॉग देऊन करायला लावणारे प्रश्न सहसा सुरुवातीला येतात आणि वेळ खातात. ते सोडून पुढे जा, शेवटी परत या. सीआयएसएसपी या अनुभवी लोकांसाठीच्या प्रमाणपत्राच्या जाहिरातींना आत्ता भुलू नका, त्यासाठी आठपैकी किमान दोन क्षेत्रांत मिळून पाच वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. ओएससीपी ही २३ तास ४५ मिनिटांची प्रत्यक्ष घुसखोरीची परीक्षा आहे, वर अहवालाला २४ तास. घरच्या लॅबमध्ये निदान तीस-चाळीस मशीन कोणाचं उत्तर न बघता पार केल्याशिवाय फी भरू नका.

प्रश्न : शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मशीन लर्निंगने हल्ला ओळखण्याचा आहे. ९९ टक्के अचूकता आली आहे. मार्गदर्शक तरी नाखूश आहेत.

उत्तर : डेटा केडीडी कप ९९ या सरावाच्या जुन्या संचाचा आहे ना? मग नाखुशी रास्त आहे. तो १९९८ मध्ये कृत्रिमरीत्या तयार केलेल्या वाहतुकीवरून बनला आहे. तेव्हाचे हल्ले आणि तेव्हाचं जाळं. त्यात त्याच त्या नोंदी प्रचंड संख्येने पुन्हा येतात, त्यामुळे मॉडेल शिकत नाही, पाठ करतं. पुनरावृत्ती काढलेली एनएसएल-केडीडी ही आवृत्ती २००९ ची. त्यावर चालवून बघा, आकडा घसरेल. तो घसरलेला आकडाच अहवालात द्या आणि का घसरला ते लिहा.

दुसरी अडचण अचूकतेच्या व्याख्येतच आहे. समजा एका जाळ्यात दिवसाला १० लाख घटना घडतात आणि त्यातले खरे हल्ले २०. तुमचं मॉडेल ९९ टक्के हल्ले पकडतं आणि १ टक्का निरुपद्रवी घटनांना चुकून हल्ला म्हणतं. म्हणजे साधारण २० खऱ्या घंटा आणि १०,००० खोट्या. वरच्या उत्तरातल्या विश्लेषकाने एक खरा हल्ला हाती लागण्यासाठी सरासरी ५०० घंटा तपासायच्या. दुपारपर्यंत तो तुमचं मॉडेल बंद करून ठेवेल. आणि काहीही न करता प्रत्येक घटनेला ‘ठीक आहे’ म्हणणारा प्रोग्रॅम इथे ९९.९९८ टक्के अचूक ठरतो. तुमच्याहून सरस!

म्हणून अचूकतेच्या जागी दोन आकडे द्या : वाजलेल्या घंटांपैकी खऱ्या किती, आणि खऱ्या हल्ल्यांपैकी पकडले किती. प्रशिक्षण आणि चाचणीची विभागणी यादृच्छिक करू नका, वेळेनुसार करा. आधीच्या दिवसांवर शिकवा, नंतरच्या दिवसांवर तपासा. आणि डेटातून आयपी पत्त्याचा स्तंभ काढला आहे का ते आज रात्रीच बघा. बऱ्याच संचांत हल्ला करणारी यंत्रं मोजकीच असतात, आणि मॉडेल हल्ला नव्हे, ते पत्ते ओळखायला शिकलेलं असतं.